खोकं १५ इंचाचं, मोह १८ इंचाचा

पत्र : आमच्या बँडची स्वतःची छोटी साउंड सिस्टिम आहे. बेससाठी खाली दोन १५ इंची बॉक्स, वर दोन टॉप (मधल्या-वरच्या सुरांचे स्पीकर). बॉक्स जुने, आधीच्या मालकाने कोणाकडून तरी बनवून घेतलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांतले मूळ स्पीकर काढून आम्ही ६०० वॅटचे नवे टाकले. गेल्या महिन्यात कार्यक्रम ऐन रंगात असताना त्यातला एक गेला. अँपवरचा क्लिपचा, म्हणजे अँप ताकदीपलीकडे गेल्याचा, लाल दिवा एकदाही लागला नव्हता. स्पीकर अजून वाजतो, पण कोन (पुढचा हलणारा पडदा) हाताने दाबला की आतून खरखर येते. मी पाच तारांची बेस गिटार वाजवतो आणि ती सिस्टिममधूनच जाते. ड्रमर म्हणतो, त्याच खोक्यांत १८ इंची, हजार-दीड हजार वॅटचे टाकू. कीबोर्डवाला म्हणतो, फोल्डेड हॉर्न (खोक्यात घडी घालून बसवलेला भोंगा) बनवू, दोन बॉक्समधून आठ बॉक्सचा आवाज येईल. प्रेक्षक दोनशे-तीनशे, कधी हॉलमध्ये, कधी उघड्यावर. गाडी एकच आणि लहान. बॉक्सची बाहेरची मापं : उंची ६०, रुंदी ५०, खोली ५० सेंटिमीटर. प्लायवूड १८ मिलिमीटरचं. पुढे १० सेंटिमीटर व्यासाच्या दोन गोल नळ्या, प्रत्येकी १२ सेंटिमीटर लांब. निओडिमियमचे (हलक्या, ताकदवान चुंबकाचे) स्पीकर घ्यावेत का, तेही सांगा. – पाच तारांवाला

प्रिय पाच तारांवाले,

मापं पाठवलीत हे फार बरं केलंत. या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत वॅट ठसठशीत लिहिलेले असतात आणि खोक्याबद्दल अवाक्षर नसतं. तुमच्या पत्रात नळीची लांबीसुद्धा आहे, म्हणूनच इतक्या लांबून निदान करायचं धाडस करतोय. ड्रमर आणि कीबोर्डवाला दोघे नवा कोणता आणायचा यावर भांडताहेत, पण जुना का मेला हे कोणी विचारलेलं दिसत नाही. ते कळल्याशिवाय दीड हजार काय, तीन हजार वॅटचा आणलात तरी तोही त्याच वाटेने जाईल.

स्पीकर मरायच्या मुख्य वाटा दोन : भाजून किंवा आपटून. खरखर दोन्हींत येते, त्यामुळे नुसत्या आवाजावरून ठरवता येत नाही. गेलेल्या स्पीकरचा कोन नाहीतरी बदलावाच लागणार आहे, तेव्हा धारदार पात्याने कोनाची कड आणि स्पायडर (कोनाला मागून मध्यात धरणारी चकती) कापा आणि कॉइल (कोनाला जोडलेलं तारेचं वेटोळं) बाहेर काढून उजेडात धरा. वेढे काळे-तपकिरी पडलेत, वार्निशला फोड आलेत, जळका वास येतोय, तर तो भाजून मेला. वेढे स्वच्छ आहेत, पण ज्या नळकांड्यावर ते गुंडाळलेले असतात त्याची मागची कड चेपलीय, शेवटचे दोन-चार वेढे सुटून लोंबताहेत, तर तो आपटून मेला. म्हणजे कॉइल इतकी मागे गेली की मॅग्नेटच्या मागच्या लोखंडी पाटीवर आदळली.

माझी पैज दुसऱ्यावर आहे. लाल दिवा लागला नाही, एवढ्यावरून नव्हे. अँप पुरेसा मोठा असेल तर तो दिवा न लावताही कॉइल भाजू शकतो. पैज लावतोय ती तुमच्या नळ्यांच्या मापांवरून.

बाहेरून ६० × ५० × ५० आणि लाकूड १८ मिलिमीटरचं, म्हणजे आतून ५६.४ × ४६.४ × ४६.४ सेंटिमीटर, झाले १२१ लिटर. त्यातून स्पीकरच्या मागच्या भागाने, नळ्यांनी आणि आतल्या आडव्या पट्ट्यांनी खाल्लेली जागा वजा करा, ११० च्या आसपास उरतील. (पहिला बॉक्स बनवताना ही वजाबाकी मी विसरलो होतो. सगळं चिकटवून, रंगवून झाल्यावर लक्षात आलं.) रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठरावीक सूर निघतो ना, तसाच तुमच्या खोक्यालाही स्वतःचा एक सूर आहे. नळीतली हवा म्हणजे वजन, खोक्यातली हवा म्हणजे स्प्रिंग. दोन नळ्यांचं मिळून क्षेत्रफळ १५७ चौरस सेंटिमीटर, लांबी १२, शिवाय नळीच्या दोन्ही तोंडांशी थोडी हवा सोबत हलते तिचे ७ सेंटिमीटर धरायचे. आकडेमोड केली की उत्तर येतं ४७ हर्ट्झ. हे तुमच्या बॉक्सचं ट्यूनिंग.

आता तुमच्या गिटारीकडे बघा. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार, ई, ४१.२ हर्ट्झवर असते. तुमची पाचवी तार, बी, ३०.९ हर्ट्झवर. म्हणजे तुम्ही ती जाड तार मोकळी सोडता तेव्हा बॉक्सच्या ट्यूनिंगच्या कितीतरी खाली जाता.

तिथे काय घडतं ते डोळ्यांनी बघता येतं, आणि मी तुम्हाला ते बघायलाच सांगणार आहे. शाबूत असलेला दुसरा बॉक्स घ्या. फोनमध्ये टोन जनरेटरचं अ‍ॅप टाका, अँप अगदी हळू ठेवा आणि ८० हर्ट्झच्या साध्या सुरापासून सावकाश खाली या. कोनाच्या कडेला बोट टेकवून ठेवा. ७० ला कोन हलताना जाणवेल. ५५ ला हालचाल कमी होईल. ४७-४८ च्या सुमारास कोन जवळजवळ थांबलेला दिसेल आणि नळीपुढे तळहात धरलात तर तिथे मात्र वारा सुटलेला असेल. हेच ट्यूनिंग, इथे आवाज काढण्याचं काम नळी करते आणि कोन आराम करतो. माझं गणित एक-दोन हर्ट्झने चुकलं असेल तर तेही इथेच कळेल. मग आणखी खाली या. ४० ला कोन पुन्हा हलू लागेल, ३१ ला लटपटायला लागेल, आणि गंमत म्हणजे आवाज वाढायच्या ऐवजी कमी होईल. ट्यूनिंगच्या खाली खोक्यातल्या हवेची स्प्रिंग राहतच नाही, नळी म्हणजे नुसतं भोक होतं. कोन पुढे ढकलतो ती हवा नळीतून मागे जाते, दोघं एकमेकांना खोडतात. ऐकू काहीच येत नाही, म्हणून माणूस फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) वर करतो. अँपला काही जड जात नाही, दिवा लागत नाही, आणि तिकडे कॉइल मागच्या पाटीवर डोकं आपटत असते.

यात आणखी एक हिशेब मिळवा. तितकाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनाला चौपट हालावं लागतं. वरच्या सप्तकातल्या बीला, म्हणजे ६२ हर्ट्झला, कोन दीड मिलिमीटर हलत असेल, तर ३१ ला तितक्याच आवाजासाठी ६ मिलिमीटर हवेत. त्यात नळीची मदत नाही. तुमचा स्पीकर तिथे गेला.

औषध साधं आहे : हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचं सगळं अडवणारा. प्रोसेसरमध्ये, मिक्सरमध्ये, अँपच्या मागे, जिथे असेल तिथे शोधा आणि ४५ हर्ट्झला लावा, उतार २४ डेसिबल प्रति सप्तक. बऱ्याच मिक्सरमधला फिल्टर एकाच ठरलेल्या जागी असतो, साधारण ८० किंवा १०० ला. तो आवाजाच्या माइकसाठी आहे, बेससाठी तो नको. ‘मग माझी पाचवी तार गेली’ असं म्हणाल. फारशी नाही. बेस गिटारच्या खालच्या सुरांत मूळ कंपनापेक्षा त्याच्या दुपटीचं कंपन बरेचदा जास्त जोरकस असतं, आणि ६२, ९३, १२४ ऐकू आले की कान ३१ स्वतःच भरून काढतो. छोट्या रेडिओवरही बेसची ओळ ओळखता येते ती यामुळेच.

हे एवढं करून, गेलेल्या स्पीकरचा कोन बदलून घेतलात तर सध्याचे बॉक्स चालू राहतील. रात्र मारून न्यायला ते पुरेसं आहे. आता ड्रमरकडे वळू.

तुमच्या खोक्यात १८ इंची म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आधी सुताराच्या अंगाने बघा. १८ इंची फ्रेमचा बाहेरचा व्यास ४६ सेंटिमीटरच्या घरात आणि तुमची आतली रुंदी ४६.४. पुढच्या फळीवर नळ्यांना जेमतेम १० सेंटिमीटरची पट्टी उरते. समजा ओढूनताणून बसवलाच, तरी आतली हवा ११० लिटरच. बहुतेक १८ इंचींना खालपर्यंत उतरायला १५० ते २०० लिटर लागतात. मोठा स्पीकर लहान खोक्यात कोंडला की वरचा बेस फुगतो, खालचा हरवतो, आणि ड्रमचा किक ‘धुम्’ न वाजता ‘ढब्’ वाजतो. एवढं मोठं लोढणं उचलून नेऊन जुन्या १५ इंचीपेक्षाही पोकळ आवाज ऐकणारे मी पाहिले आहेत, आणि मग त्यावर ते इक्वलायझरने ४० हर्ट्झ उचलतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

स्पीकर बनवणाऱ्यांत एक जुना नियम आहे, हॉफमन यांचा लोखंडी नियम म्हणतात त्याला. लहान खोकं, खोल बेस आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणतेही दोन मागा, तिसरं सोडा. लहान खोक्यातून खोल बेस निघतो, पण मग तो स्पीकर ताकद खातो आणि आवाज कमी देतो; घरातल्या सबवूफरमध्ये तेच असतं. स्टेजवर आवाज सोडून चालत नाही. म्हणून एकतर खोकं मोठं करा, नाहीतर खालचे काही हर्ट्झ सोडा. स्पीकर आणि खोकं या दोन वस्तू समजून वेगवेगळ्या विकत घेतल्या की हा नियम आडवा येतोच.

कोणत्या स्पीकरला केवढं खोकं, हे आज चाचपडत शोधावं लागत नाही. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ मध्ये पोर्टवाल्या, म्हणजे तुमच्यासारख्या नळीवाल्या, बॉक्सचं गणित मांडलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. प्रत्येक बऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात थील-स्मॉल या शीर्षकाखाली आकड्यांचा तक्ता असतो तो त्यांचाच. तो तक्ता ज्या स्पीकरसोबत मिळत नाही तो स्पीकर घेऊ नका, मग त्यावर किती का हजार वॅट छापलेले असोत. आकडे विनआयएसडी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भरा. खोक्याचे लिटर आणि ट्यूनिंग बदलत गेलात की बेस कुठे ढासळतो, कोन किती हलतो, नळीत वारा किती सुटतो, सगळे आलेख समोर येतात. एक संध्याकाळ त्यात घालवा, तिघांनी मिळून. भांडण निम्मं तिथेच मिटेल.

तक्त्यातलं सगळं मी उगाळत बसत नाही. एफएस हा स्पीकरचा मोकळ्या हवेतला स्वतःचा सूर. १८ इंचीला तो ३० ते ३५ हर्ट्झ असला की आपल्या कामाचा. क्यूटीएस म्हणजे कोनाच्या हेलकाव्याला स्पीकर स्वतः किती आवर घालतो त्याचा आकडा, कमी तितका आवर जास्त. तो ०.३ ते ०.४ असेल तर पोर्टवाल्या बॉक्सला योग्य. ०.५ च्या वर गेला की पोर्टच्या बॉक्समध्ये तो घुमायला लागतो. व्हीएएस म्हणजे कोनाच्या लवचिकतेइतकी लवचीक हवा किती लिटर, तो आकडा. तो जितका मोठा तितकं खोकं मोठं मागतो. पण खरं बघायचं ते एक्समॅक्स, आणि तिथेच फसवणूकही जास्त होते.

एक्समॅक्स म्हणजे मध्यापासून एका बाजूला कॉइल किती मिलिमीटर जाईपर्यंत चुंबकाची पकड नीट राहते. साधा हिशेब असा : कॉइलची उंची वजा चुंबकातल्या फटीची उंची, भागिले दोन. कॉइल २२ मिलिमीटर उंच आणि फट १० ची, तर एक्समॅक्स ६. पण काही कंपन्या यात फटीच्या उंचीचा चौथा हिस्सा मिळवतात, त्यामागे कारणही असतं, आणि तोच स्पीकर कागदावर साडेआठ मिलिमीटरचा होतो. खोटं कोणीच बोलत नाही. तुम्ही मात्र दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी कॉइल आणि फट यांची उंची शोधा आणि वजाबाकी स्वतः करा.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? खालचा बेस म्हणजे शेवटी किती हवा ढकलली याचा हिशेब. १५ इंचीच्या कोनाचं क्षेत्रफळ साधारण ८५५ चौरस सेंटिमीटर. ६ मिलिमीटर हलला तर अर्धा लिटर हवा. १८ इंचीचं १२०० च्या आसपास. ९ मिलिमीटर हलला तर एक लिटरहून थोडी जास्त. म्हणजे चांगला एक १८ इंची तुमच्या दोन १५ इंचींइतकी हवा हलवतो. या गुणाकारात वॅट कुठेच आले नाहीत, हे ड्रमरला जरूर दाखवा.

वॅटचं काय मग? वॅट म्हणजे कॉइल किती उष्णता सोसेल त्याचा आकडा, ती किती आवाज देईल त्याचा नव्हे. या स्पीकरांत अँपच्या ताकदीपैकी दोन ते पाच टक्क्यांचा आवाज होतो, बाकी सगळ्याची ऊब. शिवाय एकाच स्पीकरवर तीन आकडे छापता येतात. एईएस या ध्वनी-इंजिनिअरांच्या संस्थेच्या पद्धतीने दोन तास ‘पिंक नॉइज’ (सगळे सूर मिसळलेली सलग खरखर) लावून मोजलेला खरा. त्याच्या दुप्पट ‘प्रोग्रॅम’, चौपट ‘पीक’. ५०० चा स्पीकर अशा रीतीने २००० चा होतो. ड्रमरने पाहिलेले दीड हजार यातले कोणते, ते विचारून घ्या. आणि ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कॉइल तापली की तेही पुरते मिळत नाहीत. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली तर ५.५ ओहमची जवळजवळ १० ओहमची होते आणि अँपकडून ताकद घेणंच कमी करते. म्हणून कार्यक्रमाच्या दुसऱ्या तासात बेस ‘बसल्यासारखा’ वाटतो. कानाला थकवा येतो तो वेगळा, पण हा भास नसतो. १८ इंचीला कॉइल ४ इंच व्यासाची बघा, तीनची नको. ती उष्णता जास्त झेलते.

आता कीबोर्डवाल्याचा हॉर्न. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. हॉर्नमध्ये तोच स्पीकर कितीतरी जास्त आवाज देतो, हे खरं आहे. पण हॉर्नला तोंड लागतं. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर, आणि ती नीट बाहेर सोडायला तोंडाचा घेर त्याच्या आसपास हवा. म्हणजे जवळजवळ पावणेतीन मीटर व्यासाचं तोंड. जमिनीवर ठेवला की जमीन आरशासारखी मदत करते, निम्म्या क्षेत्रफळावर भागतं, तरी तो तुमच्या गाडीत मावणारा प्रकार नव्हे. मोठ्या सिस्टिमवाले यातून वाट काढतात ती सहा-आठ हॉर्न एकमेकांना चिकटवून. सगळ्यांची तोंडं मिळून एक मोठं तोंड होतं. एकटादुकटा फोल्डेड हॉर्न ७० हर्ट्झच्या वर जबरदस्त दणका देतो आणि त्याखाली सपाट पडतो. कीबोर्डवाल्याने बहुधा आठ हॉर्नची रांग ऐकलीय आणि आवाजाला आठने भागलंय. तसा भाग जात नाही. शिवाय हॉर्नच्या आतल्या तिरक्या फळ्या कापणं नवशिक्याचं काम नाही. एक सांधा हवेला गळला की तो आतून शिट्टी घालतो आणि उघडायला जागा नसते. हौस असेल तर हॉर्नरेस्प नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात त्याला खुशाल रमू द्या. लाकूड मात्र कापू नका.

मग काय बनवायचं? माझ्या मते दोन साधे पोर्टवाले बॉक्स, प्रत्येकी एक १८ इंची. आतली निव्वळ हवा २०० लिटर, ट्यूनिंग ३८ हर्ट्झ. गोल नळ्यांऐवजी खाली पूर्ण रुंदीची आडवी फट, ४०० चौरस सेंटिमीटर. तुमच्या सध्याच्या नळ्या मला लहान वाटतात. जोरात वाजवलं की त्यातून फुस्स-फुस्स येत असणार, ते वाऱ्याचं भांडण आहे. ४०० ची फट गणिताने २५ सेंटिमीटर खोल येते. सुरुवातीला दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवा, मघाचा बोट टेकवायचा प्रयोग करा, आणि ट्यूनिंग फार खाली आलं असेल तर फळी थोडी कापा. जास्तीची कापता येते, कापलेली परत जोडता येत नाही. बॉक्स बाहेरून साधारण ६० × ५५ × ८० होईल. सध्याच्या बॉक्सपेक्षा पावणेदोन पट जागा घेतो. दोन्ही गाडीत मावतात का, ते रिकामी पुठ्ठ्याची खोकी त्या मापात जोडून आधी बघा. मावत नसतील तर १८ इंचीचा विषय तिथेच संपतो. मग १५ इंचीचाच, पण तुमच्या ११० लिटरना तक्त्यावरून जुळणारा चांगला स्पीकर घ्या आणि बॉक्स दोनाचे चार करा. तो पर्याय हलका नाही, पण उचलणाऱ्याच्या कंबरेला सोपा.

‘३८ च का, ३० का नाही?’ हे तुमच्याकडून येणारच. ३० ला ट्यून केलं तर पाचवी तार पूर्ण येईल, पण ४५ ते ६० मधला जोर घटेल, आणि किक ड्रमचा दणका तिथेच असतो. एका तारेसाठी सगळा ड्रम बारीक करण्यात मला शहाणपण दिसत नाही. ट्यूनिंग ३८ असेल तेव्हा हाय-पास ३५ ला आणा. काढू नका.

दोनशे-तीनशे लोकांना हे पुरेल का, ते मोजून बघू. ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा (एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल देणारा) स्पीकर, ८०० वॅट, म्हणजे २९ डेसिबल वर : एक मीटरवर १२६. दोन बॉक्स शेजारी-शेजारी आणि दोघांना तितकीच ताकद, आणखी ६ : १३२. कॉइल तापल्याचे ३ वजा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. १६ मीटरवर २४ गेले, उरले १०५. आणि तक्त्यातले ९७ हे वरच्या सुरांवर मोजलेले असतात, ४० हर्ट्झला त्याहून ४-५ कमी धरा. तरी १०० उरतात. बँडला उत्तम. नाचायला आलेल्या गर्दीला चार बॉक्स हवे होते असं वाटेल, पण तुमची गाडी एक आहे.

वरच्या हिशेबातले ६ डेसिबल बॉक्स एकत्र ठेवले तरच मिळतात. दोन टोकांना ठेवलेत तर मध्यभागी बेसचा पट्टा तयार होतो आणि त्याच्या बाजूला खड्डे पडतात : ६० हर्ट्झची लहर ५.७ मीटरची, तुमच्यापासून दोन बॉक्सच्या अंतरात २.८ मीटरचा फरक पडला की दोघं एकमेकांना गिळतात. टॉप ठेवायला खाली बॉक्स हवेत म्हणून ते दोन बाजूंना जातात, हे मला माहीत आहे. टॉपना स्टँड घ्या. दोन्ही बॉक्स स्टेजच्या मध्यात, जमिनीवर, एकमेकांना चिकटून. आणि जोडल्यावर एक छोटी बॅटरी तारांना क्षणभर टेकवून दोन्ही कोन एकाच दिशेला उडी मारतात ना ते बघा. एक उलटा जोडला गेला की कितीही ताकद लावा, बेस येत नाही, आणि लोक मग त्या दिवशी नवीन स्पीकर घ्यायला निघतात.

लाकूड १८ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूडच. एमडीएफ जड, आणि कोपरा एकदा आपटला की चुरा होतो, पाण्याने फुगतो. आत समोरासमोरच्या फळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या द्या. स्पीकर लाकडी स्क्रूवर टांगू नका, टी-नट आणि बोल्ट वापरा. सगळं झाल्यावर ४५ हर्ट्झ लावून ओला तळहात प्रत्येक सांध्यावरून फिरवा, गळती लगेच गार लागते. हँडल विसरू नका. एका खरखरीच्या मागे मी तीन आठवडे होतो, दोनदा स्पीकर काढून घातला, आणि निघालं काय, तर हँडलची सैल पडलेली पाटी.

अँपबद्दल थोडक्यात. स्पीकरच्या एईएस आकड्याच्या दीड-दोन पट अँप आणि लिमिटर, म्हणजे अँपला ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा. ८ ओहमच्या स्पीकरला ८०० वॅट म्हणजे ८० व्होल्ट. स्पीकर काढून ठेवा, ५० हर्ट्झचा सूर अँपला द्या, मल्टिमीटर लावा आणि लिमिटर ८० च्या वर जाऊ देत नाही ना ते बघा. सध्याच्या १५ इंचींवरचे ६०० हे प्रोग्रॅमचे असतील तर खरे ३००, म्हणजे ४९ व्होल्ट. तारेवर कंजूषी नको. २.५ चौरस मिलिमीटरची तार २० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ०.२८ ओहम होते. ८ ओहमच्या एका स्पीकरला चालेल, पण दोन बॉक्स त्याच तारेवर जोडून ४ ओहम केलेत तर सात टक्के तारेतच गेले. अँप बॉक्सच्या शेजारी ठेवा, लांब तार सिग्नलची ओढा.

राहिलं निओडिमियम. आवाज त्याने वाढत नाही, वजन कमी होतं. १८ इंचीत तीन-चार किलोंचा फरक सहज पडतो. पण २०० लिटरच्या भरलेल्या बॉक्सचं वजन मुख्यतः लाकडाचं, आणि तुमचे बॉक्स हवेत टांगायचे नाहीत. त्याच पैशांत फेराइटचा (साध्या, जड चुंबकाचा) जास्त एक्समॅक्सवाला मिळत असेल तर तो घ्या आणि बॉक्सला खाली चाकं लावा, ब्रेकवाली.